वेतन कोणी द्यायचे?

जिल्हा ग्रंथालय संघांची वार्षिक अधिवेशने ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना त्यांचा क्रम एव्हाना पाठ झाला असेल. सकाळी ग्रंथदिंडी निघते, मग दीपप्रज्वलन होते, वाचनसंस्कृतीवर दोन भाषणे होतात, ग्रंथमित्रांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि दुपारच्या जेवणानंतर, निम्मा मंडप रिकामा झाल्यावर, ठराव वाचले जातात. अनुदानात वाढ करावी. दर्जावाढ व नव्या ग्रंथालयांची मान्यता खुली करावी. सेवकांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती लागू कराव्यात. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी अमलात आणाव्यात. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात आणि मुंबईला रवाना होतात. सातारा काय, सांगली काय, यात फारसा फरक नाही. एवढ्या सातत्याने एकच गोष्ट मागत राहणाऱ्या माणसांच्या चिकाटीबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि, ज्या मागणीला आपण सर्वांत वरचे स्थान देत आलो, ती मागणीच चुकीच्या दाराशी उभी आहे की काय, असा प्रश्न आता विचारणे प्राप्त आहे.

अनुदानवाढ अगदीच मिळाली नाही असे नाही. २०१२ साली ती मिळाली, ५० टक्के. दहा वर्षे लोटल्यावर २०२२ साली पुन्हा मिळाली, ६० टक्के. हे आकडे वर्तमानपत्रात मोठे दिसतात आणि मंत्र्यांच्या भाषणात त्याहून मोठे ऐकू येतात. ते गावातल्या ग्रंथपालाच्या हातात पडेपर्यंत त्यांचे काय होते, ते पाहू.

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यापाड्यांतून जी पसरली आहेत ती बव्हंशी क आणि ड वर्गाची. ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ नंतर वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ च्या वाढीने ते ४८ हजार झाले. नियम असा की, अनुदानातील निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी पुस्तके, नियतकालिके, भाडे, वीज, फर्निचर आदी वेतनेतर बाबींवर खर्च करायची. ४८ हजारांचे निम्मे २४ हजार. त्याला बारांनी भागले की महिन्याचे २ हजार रुपये. ६० टक्क्यांच्या वाढीपूर्वी हेच १२५० रुपये होते. म्हणजे त्या ऐतिहासिक म्हणविल्या गेलेल्या निर्णयाने ड वर्गाच्या ग्रंथपालाच्या पदरात महिन्याला ७५० रुपये अधिक पडले. गावातल्या क वर्गाच्या ग्रंथालयाला १ लाख ५३ हजार ६०० रुपये मिळू लागले. त्यातून वेतनासाठी महिन्याला ६४०० निघतात आणि ते दोन माणसांत वाटले तर प्रत्येकी ३२०० होतात. तालुक्या-जिल्ह्याचे ठिकाण सोडून अन्यत्र असलेल्या अ वर्गाच्या ग्रंथालयाची, म्हणजे आपल्या श्रेणीतल्या मातब्बर संस्थेची, गोष्ट घेतली तरी वेतनाचे मासिक १९ हजार २०० रुपये होतात, आणि त्यात ग्रंथपाल, लिपिक, शिपाई अशा सगळ्यांना भागवायचे असते. हेही पैसे दरमहा मिळत नाहीत. अनुदान दोन हप्त्यांत येते, आणि हप्ता कधी येईल हे वित्त विभागाच्या मर्जीवर असते.

कोणी म्हणेल, ड वर्गाचे ग्रंथालय काही तासच उघडे असते, ग्रंथपालाचे ते अर्धवेळ काम आहे. ठीक आहे, तसे धरू. रोजचे तीन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तासाला सुमारे २७ रुपये पडतात. आता याच मातीतली एक तुलना करून पाहा. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी जी योजना मांडली आणि १९६९ साली जिचा पहिला प्रयोग त्याच तालुक्यात झाला, ती रोजगार हमी योजना. मागेल त्याला काम आणि केलेल्या कामाला ठरलेला दाम, हे तत्त्व सांगली जिल्ह्याने देशाला दिले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे आठ तास धरले तरी तासाला ३९ रुपये. खडी फोडणाऱ्या मजुराला जास्त मिळते अशी तक्रार आमच्या मनात नाही. त्याला मिळते ते कमीच आहे. सांगायचे ते इतकेच की, ज्याच्याकडून दाखल नोंदवही, देवघेव, वर्गीकरण, तालिका, वर्गणी व अनामतीचा हिशेब, वार्षिक अहवाल आणि तपासणीच्या वेळचे सारे दप्तर यांची अपेक्षा केली जाते, तो शासनमान्य माणूस शासनाच्याच सर्वांत खालच्या मजुरीच्याही खाली ठेवला गेला आहे. तो माणूस पुष्कळदा स्त्री असते, हेही नमूद केले पाहिजे. घरचे सगळे आवरून संध्याकाळी वाचनालयाचे कुलूप उघडणारी ही बाई गावाच्या हिशेबी नोकरी करीत नसते; ती ‘वाचनालय बघत’ असते.

हे असे का राहिले? पैसा नव्हता म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. खरे कारण असे की, या माणसाला मालकच नाही. शासनाकडे जा, शासन सांगते, हे सेवक आमचे नव्हेत, ते संस्थेचे आहेत, आम्ही संस्थेला सहायक अनुदान देतो. संस्थेकडे जा, संस्था सांगते, आमच्यापाशी वर्गणीचे चार पैसे, बाकी सारा भार अनुदानावर, सरकारने वाढविले की आम्हीही वाढवू. दोघेही खोटे बोलत नाहीत. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आणि त्याखाली १९७० साली झालेले नियम यांची रचनाच तशी आहे. त्यांत मान्यता आहे, वर्ग आहेत, अनुदान आहे, तपासणी आहे. ग्रंथालय परिषद आहे, जिल्हा ग्रंथालय समिती आहे. ज्याच्या हातून हे सारे चालायचे त्याच्या पोटाची तरतूद मात्र अनुदानाच्या एका टक्केवारीत बसविली आहे. वेतन म्हणजे माणसाच्या कामाची किंमत. इथे ती संस्थेच्या वर्गावरून ठरते आणि काम करणारा त्या हिशेबात कुठेच येत नाही. वीस वर्षे एकाच कपाटांच्या रांगेत काढलेल्या ग्रंथपालाला आणि काल रुजू झालेल्याला सारखेच मिळते, कारण ग्रंथालय ड वर्गाचे आहे. दर्जावाढ झाली तरच त्याच्या वेतनात वाढ. आणि २०१२ च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर दर्जावाढ अनेक वर्षे बंदच राहिली.

आपल्या भागाच्या दृष्टीने यात एक बोचरी विसंगती आहे. देशातला पहिला ग्रंथालय कायदा झाला तो शेजारच्या कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. त्याही आधी मुंबई सरकारने १९३९ साली फैजी समिती नेमून मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या ग्रंथालयापर्यंतची साखळी कागदावर आणली होती. आणि साताऱ्यात त्या वेळी काय चालले होते? पत्रीसरकारचे स्मरण आपण करतो ते न्यायदान मंडळांसाठी, तुफान सेनेसाठी. परंतु त्या समांतर राज्याच्या विधायक कामांत गावोगावची वाचनालयेही होती, हे आपल्या सभांतून क्वचित सांगितले जाते. सत्ता हाती घेतलेल्या शेतकऱ्यांना दारूबंदी, हुंड्याविना लग्ने आणि वाचनालय ही एकाच कार्यक्रमाची कलमे वाटली, यात त्यांची जाण दिसते. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचे सातारा-सांगली. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली आणि त्याचे नाव सांगली झाले ते १९६० साली. चळवळीतून उभे राहिलेले आणि पुढे शासनमान्य झालेले वाचनालय हा या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक वारसा आहे. त्या वारशाच्या दारात बसलेल्या माणसाला महिना दोन हजार.

कोल्हापूर, मद्रास, म्हैसूर यांच्या मागून आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्याने एक गोष्ट जाणूनबुजून टाळली: ग्रंथालय उपकर. तामिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर आहे. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने तो आला. जत वा मिरज तालुक्याच्या शिवेवरून पलीकडे पाऊल टाकले की वेगळी व्यवस्था सुरू होते. महाराष्ट्राने ग्रंथालय निधी ठेवला आणि शासनाने त्यात दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे कायद्यात लिहिले. १९६७ साली ती रक्कम लहान नव्हती. आज ती कायद्यातली एक गंमत म्हणून वाचावी अशी आहे. शासन त्याहून पुष्कळच जास्त खर्च करते हे खरे, पण तो खर्च अंदाजपत्रकाच्या कृपेवर आहे, कायद्याच्या बंधनावर नाही. उपकर आहे म्हणून शेजारी सारे आलबेल आहे, असा आमचा दावा नाही. उपकराचा पैसा गोळा होऊनही ग्रंथालयापर्यंत न पोहोचण्याच्या तक्रारी तिकडेही आहेत. परंतु जिथे पैशाचा हक्काचा झरा आहे तिथे निदान भांडण कशासाठी आणि कोणाशी, हे ठरलेले असते.

आता या प्रश्नावर ज्यांनी लढायचे त्या ग्रंथालय संघांविषयी. संघांनी काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ग्रंथालय व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र वर्ग त्यांनी वर्षानुवर्षे चालविले. मॅट्रिक झालेल्या खेड्यातल्या मुलामुलींना पुस्तकाचे वर्गीकरण कसे करायचे, तालिका कशी लिहायची, वाळवीपासून ग्रंथ कसा राखायचा हे याच वर्गांनी शिकविले. संचालनालयाच्या परिपत्रकांचा अर्थ लावून देणे, तपासणीच्या वेळी अडलेल्या संस्थेला हात देणे, ही कामे संघ नसता तर कोणी केली असती? परंतु संघ हा ग्रंथालयांचा आहे. त्याचे सभासद संस्था आहेत, आणि संस्थेच्या वतीने मंडपात जो बसतो तो बहुधा अध्यक्ष वा कार्यवाह असतो. ग्रंथपाल येतो तो सतरंज्या घालायला आणि नोंदणीच्या टेबलावर बसायला. स्वाभाविकच संघाची पहिली मागणी अनुदानवाढीची असते. वेतनाची मागणी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर, अनुदानाच्या पाठीवर बसून येते. संस्थेचे हित आणि सेवकाचे हित एकच आहे, असे गृहीत धरले जाते. काही अंतरापर्यंत ते एकच असतेही. मात्र ज्या क्षणी सेवक म्हणेल की, मला नेमणुकीचे पत्र द्या, रजा द्या, पावतीवर जेवढी रक्कम लिहिता तेवढीच हातात द्या, त्या क्षणी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

शब्दांकडेही जरा लक्ष द्यावे. शासनाच्या कागदपत्रांत हा माणूस ‘ग्रंथालय सेवक’ आहे. त्याच्या गौरवासाठी रंगनाथनांच्या नावाने उत्कृष्ट कार्यकर्ता व सेवक पुरस्कारही आहे. डॉ. रंगनाथनांचा गौरव कोणाला नको? पण ग्रंथालयशास्त्राला शास्त्राचा दर्जा देण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या नावाने ज्याला गौरवायचे त्याला शास्त्रज्ञ सोडा, कामगारही म्हणायचे नाही, सेवक म्हणायचे! सेवेला मानधन असते, कामाला वेतन. हा शब्दांचा खेळ नव्हे, कायद्याचा भेद आहे. २०१९ ची वेतन संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली आणि किमान वेतनाचे तत्त्व सर्वच रोजगारांना लागू झाल्याचे सांगण्यात आले. इतर बाबतींत त्या संहितांविषयी कामगार चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पण हे एक कलम ग्रंथपालाच्या उपयोगी पडेल काय? आमची भीती अशी की, ते बजावण्याची वेळ आली की संस्था त्याच्या नावापुढे ‘मानद’ लिहून मोकळ्या होतील. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. तो कायदा लागू होतो वीस माणसे काम करीत असलेल्या आस्थापनेला. एक माणूस असलेले ग्रंथालय त्यात कधी बसायचे? राज्यात अशी शासनमान्य ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आणि त्यांत राबणारी माणसे वीस हजारांच्या आसपास. तरी कायद्याच्या दृष्टीने ती एकेकटी आहेत, प्रत्येक जण आपापल्या कुलपाजवळ.

या कोंडीतून वाट नाही असे नाही. वाट आपल्याच जिल्ह्यात, आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि तिचे नाव खाजगी अनुदानित शाळा. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. आज तिच्या शाळेतला शिक्षक कोणाचा नोकर आहे? संस्थेचा. त्याला नेमते कोण? संस्था. त्याचा पगार देते कोण? शासन; आणि तो शाळेच्या दर्जावर वा वर्गणीवर अवलंबून नसून श्रेणीप्रमाणे, सेवाज्येष्ठतेप्रमाणे मिळतो. त्याला काढायचे तर १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाचा अडसर ओलांडावा लागतो. संस्थेची स्वायत्तता राहिली, शासनाचे शैक्षणिक धोरण राहिले आणि शिक्षकाच्या चुलीचा प्रश्न या दोहोंच्या ओढाताणीतून बाहेर काढला गेला. शाळेचे अनुदान आणि शिक्षकाचे वेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शासनाला मान्य करावे लागले. हे आपोआप घडले नाही. शिक्षकांनी संस्थाचालकांपासून वेगळी संघटना बांधली, संप केले, मोर्चे काढले, विधिमंडळात आपली माणसे पाठविली. जी गोष्ट शाळेच्या फाटकाच्या आत पन्नास वर्षांपूर्वी मान्य झाली, ती त्याच गावच्या वाचनालयाच्या दारात अमान्य का असावी, याचे उत्तर आजवर एकाही मंत्र्याने दिलेले नाही. त्यांना कोणी हा प्रश्न या शब्दांत विचारला नाही, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

म्हणून मागणी बदलली पाहिजे. ‘अनुदान वाढवा’ याऐवजी ‘वेतन अनुदानातून वेगळे काढा’ असे म्हटले पाहिजे. पुस्तके, इमारत, वीज यांसाठीचे अनुदान संस्थेला जावे. ग्रंथपालाचे व इतर कर्मचाऱ्यांचे वेतन जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून थेट त्यांच्या बँक खात्यात, दरमहा, श्रेणीप्रमाणे जावे. जिल्ह्यातील सर्व मान्य ग्रंथालयांचे कर्मचारी मिळून एक आस्थापना मानावी, म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांच्यासाठी लागणाऱ्या माणसांच्या संख्येचा प्रश्नच उरणार नाही. आधी प्रभा राव समिती आणि पुढे पत्की समिती यांच्यासमोर वेतनश्रेणीचा विषय येऊन गेलेला आहेच; प्रत्येक वेळी तो आर्थिक भाराच्या खडकावर आपटला. तेव्हा भाराचाही हिशेब करून टाकू. वीस हजार माणसे धरली आणि सरासरी मासिक वेतन १५ हजार धरले तर वर्षाला ३६० कोटी रुपये लागतात. २०२५-२६ चे राज्याचे अंदाजपत्रक सात लाख कोटींचे होते. शंभर रुपयांत पाच पैसे!

यावर दोन आक्षेप येतील आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा की, पुष्कळ ग्रंथालये कागदावरच आहेत. अनुदानासाठी काढलेली, तपासणीच्या आदल्या दिवशी उघडणारी, एकाच घरात अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल असलेली. हे अंशतः खरे आहे. २०१२ च्या पडताळणीत उणिवा आढळल्याच होत्या. पण त्या पडताळणीचा उपयोग काय केला गेला? लबाड संस्थांवर कारवाई करून प्रामाणिक संस्थांना वाट मोकळी करण्याऐवजी नवी मान्यता आणि दर्जावाढ यांचे दार सर्वांनाच लावून घेतले गेले. शिवाय वेतन थेट माणसाच्या नावे, त्याची अर्हता आणि हजेरी तपासून देणे हाच बोगसगिरीवरचा उत्तम उपाय नव्हे काय? ज्या ग्रंथालयात खरा ग्रंथपाल नाही त्याचे बिंग पहिल्याच महिन्यात फुटेल. काही संस्थाचालकांना आमची मागणी आवडणार नाही, ती नेमकी याच कारणाने.

दुसरा आक्षेप मोठ्या सुसंस्कृत चेहऱ्याने येतो: आता वाचतो कोण? ज्याच्या त्याच्या हातात दूरध्वनीचा पडदा आहे, मग वाचनालयाचा खटाटोप कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा परीक्षेच्या मोसमात कराड, वाई, मिरज, इस्लामपूर येथील कोणत्याही अभ्यासिकेत डोकावावे. लोकसेवा आयोगाच्या आणि पोलीस भरतीच्या परीक्षांना बसणारी, घरी एकच खोली असलेली, शहरातल्या खाजगी अभ्यासिकेचे भाडे न परवडणारी मुले-मुली तिथे सकाळी जागा धरून बसतात. त्यांच्या दृष्टीने ग्रंथालय म्हणजे संस्कृती वगैरे काही नसते. ते एक शांत टेबल आणि दिवा असतो, आणि ते टेबल व तो दिवा कोणीतरी वेळेवर उघडून द्यावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगली जिल्हा नगर वाचनालयात शिरले आणि हजारो ग्रंथांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर चिखलातून पुस्तके बाहेर काढणे, ती वाळविणे, कोणती वाचली आणि कोणती गेली याची नोंदवहीशी ताडून यादी करणे, ही कामे पडद्यावर होत नाहीत.

अडचण अशी की, शासनाला पुस्तकांचे प्रेम नाही असेही म्हणता येत नाही. उलट ते फार आहे, आणि ते दिसेल अशा जागी आहे. महाबळेश्वरजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झाले. ते चांगलेच झाले, स्ट्रॉबेरीच्या गावात पर्यटक पुस्तक हाती घेऊन बसतो हे दृश्य आम्हालाही सुखावते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ९९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मान साताऱ्याला देण्यात आला. ग्रंथोत्सव दर जिल्ह्यात दरवर्षी होतात. या साऱ्या सोहळ्यांची सतरंजी जिने घालायची ती माणसे महिना दोन हजारांवर काढतात आणि दुसऱ्या हप्त्याची वाट पाहत असतात. भाषा अभिजात ठरल्याने तिची पुस्तके आपोआप कपाटात लागत नाहीत.

आता आपल्या कार्यकर्त्यांसाठी चार शब्द, आणि ते जरा कटू आहेत. सातारा-सांगलीतल्या कित्येक गावांत वाचनालयाचा अध्यक्ष वा कार्यवाह हा पुरोगामी विचारांचाच माणूस असतो. तसे असणारच, ती वाचनालये त्याच विचाराच्या माणसांनी काढली. कारखान्याच्या दारात ऊसतोड मजुराच्या दरासाठी गर्जणारा हा कार्यकर्ता संध्याकाळी वाचनालयात येतो आणि तिथल्या बाईला, अनुदान आले की बघू, असे सांगून जातो. त्याच्या मनात पिळवणूक नसते. आपण मालक आहोत हे त्याला कधी जाणवलेलेच नसते, कारण वाचनालय हे त्याच्या लेखी समाजकार्य आहे. परंतु समाजकार्य करणाऱ्याने स्वतःच्या वेळेचे दान करावे. दुसऱ्याच्या वेतनाचे दान करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? कोणत्याही मोर्चाच्या आधी त्याने आपल्या संस्थेपुरत्या तीन गोष्टी कराव्यात, आणि त्यांना मुंबईची परवानगी लागत नाही. ग्रंथपालाला नेमणुकीचे लेखी पत्र द्यावे. अनुदानाचा हप्ता किती आला आणि त्यातून वेतनापोटी कोणाला किती दिले, हे वाचनालयाच्या फलकावर वृत्तपत्रांच्या शेजारी लावावे. आणि जिल्हा संघाच्या पुढच्या अधिवेशनाला संस्थेचा प्रतिनिधी म्हणून स्वतः न जाता ग्रंथपालाला पाठवावे, बोलण्याचा अधिकार देऊन.

कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांनी धरणी धरली आहेत, आझाद मैदानात बसून झाले आहे. त्या विखुरलेल्या आहेत याचा दोष एकट्या त्यांना देता येणार नाही. एकेका गावात एकेकटा असलेला माणूस आठवड्याची सुटी सोडून तालुक्याला येतो तो पदरचे भाडे खर्चून, आणि दोन हजारांतून एस.टी.चे तिकीट काढायचे म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. शिक्षक संघटनांनी आपला प्रश्न सोडविताना शेजारच्या वाचनालयाकडे पाहिले नाही; आता तरी पाहावे. प्राथमिक शिक्षकांच्या तालुका कार्यालयांत महिन्यातून एक दिवस ग्रंथालय कर्मचाऱ्यांना बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ काम होईल. तासगाव, वाळवा, पलूस, कराड, पाटण, माण या तालुक्यांतील शाखांनी आपापल्या भागातील मान्य ग्रंथालयांची आणि त्यांत काम करणाऱ्यांची यादी करण्यास घ्यावी: नाव, अर्हता, सेवेची वर्षे, हातात पडणारी रक्कम, शेवटचा हप्ता मिळाल्याची तारीख. ही यादी दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांपुढे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी ठेवता आली पाहिजे, आणि ती ठेवताना अध्यक्ष-कार्यवाहांच्या बरोबर ग्रंथपालही खुर्चीवर बसलेले असले पाहिजेत.